डाव्या हाताचा घास

आमच्या वसाहतीत तीन ओळी आहेत आणि माणूस कुठल्या ओळीत राहतो यावर त्याची पत ठरते. पहिल्या ओळीत स्वतंत्र खोल्या: तुमचा गॅस, तुमचं कुलूप, तुमची भांडणं. दुसऱ्या ओळीत खोल्या तेवढ्याच, पण सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई येते, अंघोळ घालते, कपडे बदलते, उशाशी घंटीचं बटण असतं आणि जेवणाचं ताट खोलीत येतं. तिसरी ओळ ही खरं तर ओळ नव्हेच, एक लांबच लांब दालन आहे. तिथं खाटा, सलाइनचे स्टँड आणि दिवसरात्र नर्स. मधोमध भिंत, अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. लोहाऱ्याहून येणारा जीपवाला फाट्यावर ओरडतो, "म्हाताऱ्यांची कॉलनी कोण हाय?" तेव्हा आम्ही पहिल्या ओळीतले लोक ऐटीत हात वर करायचो आणि स्वतःची पिशवी स्वतः घेऊन उतरायचो.

मी चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो. सोलापूर, लातूर, कळंब, परंडा, सगळे रस्ते या हातांनी तुडवलेत. मला कुणी गाडी कशी चालवायची ते सांगितलेलं खपत नसे आणि निवृत्त झाल्यावर बाकीच्या गोष्टीही खपेनाशा झाल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी.

वसाहतीत यायचं ठरवलं ते मात्र मी नाही, बायकोनं. मुलगी पुण्याला, आठव्या मजल्यावर. तिनं खूप आग्रह केला. आठ दिवस राहून बघितल्यावर बायको म्हणाली, "तितं दार उघडलं की दुसऱ्याचं दार दिसतंय. ज्वारी कुठं दिसंना." मग तिनंच कुणाकुणाला विचारून ही जागा काढली. तिचं माहेर सीमेवरचं, बोलणं निम्मं कानडी, आणि इथं चार बायका कानडी बोलणाऱ्या निघाल्या. मागं पडीक वावर होतं, ते वसाहतीतल्याच म्हाताऱ्यांनी हौसेनं पेरलेलं. तिला आणखी काही नको होतं. मी सगळ्यांना सांगत असे की जागा मी शोधली, आणि ती ते चालवून घेत असे.

दोन वर्षं आम्ही पहिल्या ओळीत राजासारखे राहिलो. मग दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, भाकरी थापता थापता, तिचा उजवा हात परातीतच राहिला. मी म्हणालो, "थांबलीस का?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडातून शब्द फुटेना. सोलापूरला नेलं. जीव वाचला, महिन्याभरात बोलणंही बरंचसं परत आलं, पण उजवा हात आणि उजवा पाय गेले ते गेलेच. पाय निदान टेकवता तरी येत होता. हात मात्र मांडीवर पडलेला असे, दुसऱ्या कुणाचा तिथं विसरून राहिल्यासारखा.

परत आलो त्या दिवशी व्यवस्थापक मॅडम खोलीत आल्या. पूर्वी नर्स होत्या, बोलणं सरळ. सगळे इथं मला अप्पा आणि बायकोला अव्वा म्हणतात, त्याही म्हणत. "अप्पा, दर तीन महिन्यांनी डॉक्टर येतात आणि प्रत्येकाचा फॉर्म भरतात, तुम्हाला माहीत आहे. अव्वांचा फॉर्म या वेळी नीट बघणार. एका माणसाच्या आधारानं खाटेवरून खुर्चीत बसतात का, सांगितलेलं समजतं का, आणि आपल्या हातानं जेवतात का. हे जमलं तर दुसरी ओळ. नाही जमलं तर तिसरी."

"आणि मी?"

"तुम्ही राहा की पहिल्या ओळीत. रोज भेटायला या. चार ते सहा."

मला हे दोन आकडे गालावर मारल्यासारखे लागले. आमच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालीत. मुक्कामी गाडीच्या रात्री सोडल्या तर आम्ही कधी वेगळे झोपलो नव्हतो. आता भिंतीच्या अलीकडं ती आणि मी पाहुण्यासारखा स्टुलावर, घड्याळ बघत. मी म्हणालो, "दुसरी नको अन् तिसरी नको. पहिल्याच ओळीत राहू. तिचं सगळं मी करतो."

"दुसरीत काय वाईट आहे?"

"माझ्या बायकोला दुसऱ्याचा हात कशाला?"

मॅडमनी वाद घातला नाही. "डॉक्टर येईपर्यंत करून बघा. पण जेवणाचं तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या ओळीत एका बाईकडं आठ खोल्या असतात. तीन वेळा तासतास बसून भरवणं तिला होत नाही. ज्याला भरवावं लागतं त्याला तिसऱ्या ओळीतच न्यावं लागतं."

डॉक्टर येणार होते येळवसच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या, दुसऱ्या दिवशी. म्हणजे माझ्या हातात दीड महिना होता.

त्या दीड महिन्यात मी काय काय शिकलो ते सांगितलं तर डेपोतले जुने सोबती हसून लोळतील. मी वेणी घालायला शिकलो. पहिल्या आठवड्यात वेणी म्हणजे दोरखंडाचा गुंता व्हायचा, ती आरशात बघून म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, बैल बांधायचाय व्हय?" मी लुगडं नेसवायला शिकलो, निऱ्या उलट्या घालून पुन्हा सोडून पुन्हा घातल्या. भाकरी मला शेवटपर्यंत जमली नाही. ती वसाहतीच्या स्वयंपाकघरातून आणायचो आणि मीच केली म्हणून वाढायचो. तिला चवीवरून पहिल्या घासालाच कळायचं. रोज चार-पाच वेळा मी तिला दोन्ही काखांत हात घालून खाटेवरून उचलायचो. बस चालवून चालवून माझी कंबर आधीच कामातून गेलेली. उचलताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, पण तोंडातून ब्र काढत नसे. काढला असता तर मॅडमनी माझाही फॉर्म मागवला असता.

आणि मी भरवायचो. दार लावून, खिडकीचा पडदा ओढून, कारण नवऱ्याच्या हातानं खाताना तिला कुणी बघितलं तर ती मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. नवऱ्याचा घास लग्नात एकदा घ्यायचा, तोही सगळ्या बायकांच्या गराड्यात नाव घेऊन. त्यानंतर आयुष्यभर आधी त्याला वाढायचं. आता मी कुस्करून घास तोंडाशी न्यायचो आणि ती भिंतीकडं बघत गिळायची. चार घास झाले की मान वळवायची. लुगड्याचं गाठोडं होईल इतकी ती वाळली.

डावा हात चांगला होता. ठणठणीत. त्या हातानं ती तांब्या उचलायची, माझ्या शर्टाचं बटण लावायची, डास मारायची. फक्त ताटाला लावायची नाही.

"आगं, एवढा हात हाय की," मी म्हणायचो.

"डाव्या हातानं जेवायचं? माझ्या घराण्यात कुणी जेवलं न्हाय." आणि डावा हात कशासाठी असतो ते ती मला स्पष्ट शब्दांत सांगायची.

यामागं आणखी एक गोष्ट होती आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक होती. आमची मुलगी जन्माची डावखुरी. ती लहान असताना ताटावर बसली की डावा हात पुढं यायचा आणि बायको पटकन चापट मारायची. तरी ऐकेना, तेव्हा तिनं जेवणापुरता पोरीचा डावा हात फडक्यानं परकराला बांधून ठेवला. वर्षभर. पोर रडून रडून उजव्या हातानं जेवायला शिकली. आता तीच आई कुठल्या तोंडानं डावा हात ताटात घालणार? फोनवर मी मुलीला हे सगळं सांगितलं तर ती आधी हसली. "अप्पा, मला चापट मारायला आई होती. आईला कोण मारणार?" मी म्हणालो, माझ्यात तेवढी हिंमत नाही.

मॅडमनी व्यायाम शिकवणारी एक मुलगी पाठवली. शहरातून नवीनच आलेली, गोड बोलणारी. तिनं बायकोच्या डाव्या हातात चमचा दिला, वाटीत वरणभात. "आजी, घ्या बघू." बायकोनं चमचा खाली ठेवला. मुलीनं पुन्हा दिला. पुन्हा खाली. असं चार वेळा झालं. परक्या माणसापुढं कारण सांगणं म्हणजे रडगाणं गाणं असं बायकोचं मत, त्यामुळं ती शब्दही बोलली नाही; नुसती त्या मुलीकडं शांतपणे बघत राहिली. मुलीनं वहीत लिहिलं: जेवायला नकार. सूचना समजत नाहीत.

ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मॅडमच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. "समजत न्हाय? तिला? मी रिटायर झालो तरी माझ्या ड्यूट्या तिला तोंडपाठ हायत! तिला समजतंय म्हणूनच ती जेवंना!"

मॅडमनी पाणी दिलं. "मला कळतंय, अप्पा. मी पण याच मातीतली आहे. पण डॉक्टर कागद बघणार. कागदावर रीत लिहायला जागा नाही."

तिथून बाहेर पडताना पहिल्यांदाच मला भीती वाटली. आतापर्यंत राग होता, रागात माणसाला बरं असतं. मी आवारातल्या बाकावर बसलो आणि समोर तिसऱ्या ओळीच्या खिडक्या दिसत होत्या. दिवाळीनंतर तिथं गेलेला आमच्याच ओळीतला एक जण खिडकीतून माझ्याकडं हात हलवत होता. मी पण हलवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता जे घडलं ते येळवसच्या आदल्या दिवशी सकाळी.

आम्ही महादेवाची माणसं. आमच्यात लहानपणीच दीक्षा होते आणि गळ्यात लिंग येतं, ते मरेपर्यंत गळ्यातच. रोज अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात काही घालायचं. मी ड्रायव्हर माणूस, पहाटेच्या गाड्या, माझी पूजा म्हणजे उरकणं. तिची मात्र सात-आठ वर्षांची असल्यापासून एक दिवस चुकली नव्हती. दवाखान्यातसुद्धा मी करून घेतली. उजवा हात गेल्यापासून तिच्या उजव्या हाताचं काम मी करायचो: तिच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून तळहातावर ठेवायचं, पळीनं पाणी, भस्म, पान.

त्या सकाळी माझी कंबर फार दुखत होती, पळी धरलेला हात थरथरत होता. पाणी इकडं तिकडं सांडत होतं. आणि माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. डावा हात. पंधरा मिनिटं ती तो छातीसमोर धरून होती. तळहातात पाणी साचलेलं, त्यात लिंग, आणि पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. सत्तरीला आलेल्या, अर्ध्या अंगानं लुळ्या झालेल्या बाईचा हात, आणि दगडी ओट्यासारखा स्थिर. रोज मी हे बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

माझा तोल गेला. पूजा चालू असताना बोलू नये, पण मी बोललो. बोललो कसला, ओरडलो. "ह्या हातावर साठ वर्षं देव बसवलास! देवाला चालतोय हात, अन् तुझ्या भाकरीला चालंना व्हय? भाकरी देवापेक्षा मोठी झाली तुझी?"

तिनं डोळे उघडले. शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद केला, म्हणजे तिकडंही ऐकू गेलं होतं. ती बराच वेळ आपल्या तळहाताकडं बघत राहिली.

"लिंग डबीत ठेवा," एवढंच म्हणाली.

दुपारी मी घास पुढं केला तर तिनं तोंड मिटून घेतलं. संध्याकाळीही तेच. दिवसभरात नुसता चहा. मी कपाळाला हात लावला. उद्या येळवस, परवा डॉक्टर, आणि मी तिचे होते ते चार घासही बंद करून बसलो होतो. माफी मागायची मला सवय नाही, पण मागितली. खाटेशी बसून म्हणालो, "चुकलं माझं. खा गं."

"माफी कशाला मागताव? म्या इचार करायले. गप ऱ्हावा जरा."

येळवसला आमच्या भागात गावं ओस पडतात. ज्याला शेत आहे तो शेतात जातो, ज्याला नाही त्याला कुणीतरी बोलावून नेतं. वावरात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव, त्यांची पूजा करायची आणि शेतातच जेवायचं. हिरव्या दाण्यांची घट्ट भाजी म्हणजे भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबट आंबील. आमच्या शेजारच्या खोलीतल्या आजी परंड्याकडच्या, रेडिओ त्यांचाच. त्यांच्या गावाला हा सण नव्हता. पहिल्या वर्षी त्या विचारत होत्या, "एवढं उन्हात बसून जेवायचं कशापायी?" आता त्याच सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसतात.

मी ठरवलं होतं की आम्ही खोलीतच राहायचं. पण पूजा झाल्यावर ती म्हणाली, "मला वावरात न्या."

"चाकाची खुर्ची काळ्या रानात जायची न्हाय."

"परंड्याची गाडी चिखलातनं काढलेलं सांगत व्हताव की सगळ्यास्नी. खुर्ची निघंना व्हय?"

काढली. दोघांनी पुढून ओढली, मी मागून लोटली, ढेकळांवरून ती गदागदा हलत होती आणि बायको एका हातानं पदर धरून बसली होती. कोपीसमोर सावलीत पंगत होती, वीसेक माणसं. तिच्यासमोर स्टूल ठेवलं, त्यावर पत्रावळ. तिनं ताट बघितलं तसं मी सवयीनं उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि पुढं केला. सगळ्यांसमोर. मला भानच नव्हतं.

"हात काढा," ती म्हणाली.

मी हात मागं घेतला. तिनं पदरानं आपला डावा तळहात पुसला. कपाळाला लावला. ओठ हलले, कानडीत काहीतरी, मला ऐकू आलं नाही. मग डावा हात पत्रावळीत गेला. भाकरी एका हातानं मोडत नाही, पण उंडा मोडतो. तिनं तो बोटांनी फोडला, भज्जीत कालवला, आणि घास उचलला. निम्मा घास तोंडात गेला आणि निम्मा लुगड्यावर. पंगतीतले सगळे बघायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं. वसाहतीत कुठली गोष्ट झाकून राहते?

परंड्याच्या आजी मोठ्यानं म्हणाल्या, "बगता काय गं बायांनो? आपापलं जेवा की!"

सगळे खाली बघून जेवायला लागले. दुसरा घास पूर्ण तोंडात गेला. तिसरा गेला. तिनं सावकाश चावून गिळलं आणि स्वयंपाकघरातल्या बाईकडं बघून म्हणाली, "भज्जीला मीठ कमी पडलंय."

मला काय झालं ते सांगता येत नाही. येळवसला एक जण आंबिलाचं मडकं घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरतो आणि ओरडतो, "ओलगे, ओलगे, सालम पोलगे!" याचा अर्थ आम्हाला कुणालाच माहीत नाही, आमच्या आज्यालाही नव्हता. ते काम वसाहतीतल्या माळीदादांचं ठरलेलं. मी त्यांच्या हातातून मडकं ओढून घेतलं आणि धोतर खोचून धावत सुटलो. एकाहत्तरावं वर्ष, ज्वारी डोक्याएवढी, आणि मी "ओलगे, ओलगे" करत सगळ्या वावराला फेरी मारली. मागं वळून बघितलं तर ती खीर खात होती. बोटं चाटत होती. डाव्या हाताची.

फेरी पूर्ण झाली आणि मडकं खाली ठेवायला वाकलो तो वर आलोच नाही. कंबरेत कट् असा आवाज झाला. मला चौघांनी उचलून खोलीत आणलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा खोलीचं चित्र असं होतं: मी खाटेवर उताणा, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी, आणि ती खुर्चीत बसून डाव्या हातानं उप्पीट खात होती. सकाळी मॅडम स्वतः येऊन तिला उठवून गेल्या होत्या. मॅडमचा एक हात धरून ती चांगल्या पायावर उभी राहिली, वळली आणि खुर्चीत बसली. इतक्या दिवसांत मी तिला तेवढंही करू दिलं नव्हतं, सरळ उचलतच होतो.

डॉक्टरांनी वही उघडली. "इथं लिहिलंय, सूचना समजत नाहीत."

"कुणाच्या?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "आज कुठला दिवस आहे, आजी?"

"काल आवस झाली, आज पाडवा. पुसातला. तुमी नवाला येणार व्हताव, धा वाजले."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. डॉक्टरांनी वहीतली ती ओळ खोडली, मी मान वळवून वळवून बघितलं, चांगली आडवी रेघ मारून खोडली. मग म्हणाले, "आपल्या हातानं जेवतात, आधारानं बसतात, समजही पक्की. हरकत काही नाही. तिसरी ओळ नकोच."

"मग पहिलीच!" मी खाटेवरून ओरडलो आणि उठायला गेलो. जी कळ आली तिनं तोंडातून आई निघाली. डॉक्टर माझ्याकडं आले, कुशीवर वळवलं, पाठ दाबून बघितली. मॅडमशी हळू आवाजात काहीतरी बोलले. मला एवढंच ऐकू आलं की अप्पांचाही फॉर्म भरावा लागेल, महिनाभर तरी पुरुषांच्या दालनात.

भिंत तीच, फक्त मी पलीकडं जाणार होतो.

"थांबा," बायको म्हणाली. तिनं उप्पिटाची ताटली बाजूला सरकवली. "ह्येंची पाठ दसऱ्यापासनं दुखायली. मला उचलताना दात दाबून धरतेत. मला काय ऐकू येत न्हाय व्हय? सांगितलं तर ऐकणारं माणूस न्हवं ते, म्हणून गप बसले. आता म्या डाव्या हातानं जेवले ते काय ह्येंला भिंतीपल्याड धाडायला? दुसरी वळ द्या आमाला. एका खोलीत दोन खाटा. बाई येऊ द्या सकाळी. आधी ह्येंच्या पाठीला तेल लावील, मग मला न्हाऊ घालील."

मी म्हणालो, "दुसरी नको, मी बरा होतो चार दिवसांत..."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "अप्पा, तुमचं काय म्हणणं आहे?"

"त्येंला इचारू नगा," ती म्हणाली. "फॉर्म माझा हाय."

खोलीतले सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. त्यांनी तिच्यासमोर बसून, तिला वाचून दाखवत, दुसरी ओळ लिहिली. आणि मी, ज्यानं आयुष्यात कुणाला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही, तो उताणा पडून ऐकत होतो. ती एकटीच आम्हा दोघांना वाचवत होती आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. खरं सांगतो, मुलगी जन्मली त्या दिवसानंतर इतका आनंद मला झाला नव्हता. डोळ्यांतून पाणी कानात गेलं आणि मी ते पुसलं नाही.

दुपारनंतर सामान हललं. मला स्ट्रेचरवर घातलं, चौघांनी धरलं. ती चाकाच्या खुर्चीत माझ्यापुढं निघाली, मांडीवर मसाल्याचा डबा, आणि मागं वळून वळून त्या चौघांना सांगत होती, "सावकाश चला. धक्का लावू नगा त्येंला."